जाड गॉथिक अक्षर : कुठे शोभते, कुठे फसवते?

एका शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून गेलो होतो. विज्ञान प्रदर्शनात भाग घेतलेल्या मुलांना प्रशस्तिपत्रे द्यायची होती. पत्रे मोठी देखणी होती. जाड कागद, सोनेरी किनार, आणि माथ्यावर काळ्याभोर, टोकदार, जुन्या युरोपीय ग्रंथात शोभावे अशा इंग्रजी अक्षरांत ‘सर्टिफिकेट ऑफ मेरिट’. मुलांची नावेही त्याच वळणात, सगळी कॅपिटल अक्षरांत छापली होती. मी एकेक नाव वाचत होतो. पाचसहा नावे सुरळीत गेली आणि मग मी मोठ्याने पुकारले, “रेतकी!”

कोणी उठले नाही. मी पुन्हा पुकारले. मुले हसू लागली. शेवटी बाईंनी येऊन कागद पाहिला आणि म्हणाल्या, “सर, केतकी आहे ते.” खाली मान घालून एक मुलगी पुढे आली. तिने महिनाभर खपून पाण्याच्या गाळणीचा प्रयोग केला होता, आणि तिच्या वाट्याला आले ते हसू.

चूक माझ्या डोळ्यांची की त्या अक्षरांची? घरी येऊन मी ते अक्षरवळण भिंगाखाली पाहिले. त्यातले ‘के’ आणि ‘आर’ खरोखरच सख्ख्या भावंडांसारखे होते. पण माथ्यावरचा मोठा मथळा मात्र मी क्षणात वाचला होता. एकच वळण एका ठिकाणी उत्तम आणि दुसऱ्या ठिकाणी निकामी, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूमिती, प्रकाशशास्त्र, इतिहास आणि चक्क विद्युतचुंबकशास्त्रही भेटते. तेच आज आपण पाहू या.

नाव गॉथिक, पण गॉथ लोकांचे नव्हे

गॉथ ही युरोपातली एक जुनी जमात. त्यांच्यातल्या एका शाखेने इ. स. ४१० मध्ये रोम लुटले. आपण ज्या अक्षरांविषयी बोलतो आहोत ती मात्र त्यानंतर सातशे वर्षांनी, बाराव्या शतकात, उत्तर फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मन प्रदेशांत आकाराला आली. गॉथ लोकांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. पुढे इटलीतल्या विद्वानांना प्राचीन रोमची गोल, मोकळी अक्षरे आवडू लागली. उत्तरेकडची दाट, काटेरी अक्षरे त्यांना रानटी वाटली आणि ‘गॉथिक’ हे नाव त्या हेटाळणीतून चिकटले. इंग्रजीत याच अक्षरांना ‘ब्लॅकलेटर’, म्हणजे काळे अक्षर, असेही म्हणतात. हे नाव अधिक खरे आहे, कारण पानावर त्यांचा काळेपणाच आधी डोळ्यांत भरतो.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून ‘गॉथिक’ हा शब्द अगदी वेगळ्या वळणाला वापरला गेला. ज्या अक्षरांच्या टोकांना आडव्या फुल्या नसतात, जी सरळ, साधी आणि सारख्या जाडीची असतात, त्यांनाही तिथे गॉथिक म्हणत. ‘फ्रँकलिन गॉथिक’ हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे प्रसिद्ध वळण या दुसऱ्या जातीचे आहे. संगणकावर अक्षरवळणांची यादी पाहाल, तर ही दोन्ही ‘गॉथिके’ तिथे आढळतील. नाव सारखे, घराणी वेगळी. या लेखात आपण पहिल्या, काटेरी गॉथिकविषयीच बोलणार आहोत.

दोन पेन्सिलींचा प्रयोग

गॉथिक अक्षराचा आकार समजून घ्यायला महागडे साहित्य लागत नाही. दोन सारख्या पेन्सिली शेजारी शेजारी धरून रबरबँडने घट्ट बांधा. दोन्ही टोके कागदाला एकाच वेळी टेकली पाहिजेत. टोकांमधले अंतर साधारण ७ मिलिमीटर येईल. ही झाली रुंद टोकाची लेखणी. पूर्वी युरोपात पिसाचे टोक आणि आपल्याकडे बोरूचे टोक असे रुंद छाटत.

आता दोन टोकांना जोडणारी रेषा लिहिण्याच्या ओळीशी ४० अंशांचा कोन करील अशी जोडी धरा, म्हणजे उजवे टोक डाव्या टोकापेक्षा वर असेल. हा कोन न बदलता चार दिशांना रेघा ओढा आणि प्रत्येक दुहेरी रेघेची जाडी पट्टीने मोजा.

उभी रेघ सुमारे ५.४ मिलिमीटर जाड येईल. आडवी रेघ सुमारे ४.५ मिलिमीटर. डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या ४० अंशांच्या तिरक्या रेघेत दोन्ही पेन्सिली एकाच मार्गाने जातील आणि जाडी शून्य होईल. याच्या काटकोनात, उजवीकडे उतरत जाणारी रेघ मात्र पूर्ण ७ मिलिमीटर जाड येईल. त्रिकोणमिती शिकलेल्या मुलांना यामागचा नियम सांगता येईल. रेघेची जाडी म्हणजे टोकाची रुंदी गुणिले रेघ आणि टोक यांमधल्या कोनाची ज्या (साइन). ४० आणि ५० अंशांच्या ज्या अनुक्रमे ०.६४ आणि ०.७७ आहेत. सातने गुणले की आपली मोजमापे मिळतात.

म्हणजे गॉथिक अक्षरातला जाड-बारीकपणा कोणी नंतर नटवलेला नाही. तो लेखणीच्या कोनातून आपोआप येतो. उभे दंड जाड, आणि त्यांच्या डोक्याला व पायाला लेखणी किंचित तिरकी सरकवली की चौकटच्या पत्त्यासारखा टोकदार तुकडा उमटतो. जिथे रोमन अक्षरात सलग गोलाई असते, तिथे गॉथिक लेखक वळण मोडून दोनतीन सरळ फटकारे मारतो. सोळाव्या शतकातल्या एका गॉथिक वळणाचे ‘फ्राक्टुर’ हे नाव ‘मोडलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे.

हीच पेन्सिलींची जोडी वेगवेगळ्या कोनांत धरून देवनागरीतला ‘व’ आणि ‘ट’ काढून पाहा. कोणत्या कोनाला अक्षर आपल्या जुन्या कित्त्यासारखे दिसते, हे मुलांनाच शोधू द्या.

अक्षरांचे कुंपण

बाराव्या-तेराव्या शतकांत युरोपात विद्यापीठे उभी राहिली आणि ग्रंथांची मागणी वाढली. ग्रंथ चर्मपत्रावर लिहीत, आणि ते कमावलेल्या कातड्याचे असल्यामुळे महाग पडे. अक्षरे अरुंद करून जवळ जवळ लिहिली की एका पानात जास्त मजकूर मावतो. असे करता करता उभ्या दंडांची जाडी आणि त्यांच्यामधली पांढरी फट जवळजवळ सारखी झाली. या दाट वळणाला ‘टेक्स्टुरा’, म्हणजे विणकाम, म्हणतात. पान दुरून पाहिले तर विणलेल्या वस्त्रासारखे दिसते.

दिसायला सुरेख, पण वाचायला? इंग्रजीतला ‘मिनिमम’ हा शब्द घ्या. एम, आय, एन, आय, एम, यू, एम. टेक्स्टुरात ‘एम’चे तीन दंड, ‘एन’ आणि ‘यू’चे दोन दोन, ‘आय’चा एक. बेरीज करा : ३ + १ + २ + १ + ३ + २ + ३ = १५. एकसारख्या उंचीचे, एकसारख्या अंतरावरचे पंधरा दंड! हा शब्द राहत नाही, बांबूचे कुंपण होते. कोणता दंड कोणत्या अक्षराचा, हे डोळ्याला सांगायला काही खूण उरत नाही. ‘आय’च्या डोक्यावर आज आपण जो ठिपका देतो, त्याचे मूळ याच अडचणीत आहे. दंडांच्या गर्दीत ‘आय’ ओळखू यावा म्हणून लेखक त्यावर बारीक तिरकी रेघ देऊ लागले. तिचा पुढे ठिपका झाला.

योहान गुटेनबर्गने माइन्झ शहरात १४५५ च्या सुमारास आपले प्रसिद्ध बायबल छापले, तेव्हा त्याने याच टेक्स्टुरा वळणाचे खिळे ओतले. प्रत्येक पानावर दोन स्तंभ, बहुतेक पानांवर स्तंभात ४२ ओळी. लॅटिन वर्णमाला पंचवीस अक्षरांच्या आतली, पण त्याच्याकडे खिळ्यांचे सुमारे २९० प्रकार होते. एकाच अक्षराची कमी-अधिक रुंदीची रूपे, जोडाक्षरे आणि संक्षेप त्यात होते. ओळींच्या दोन्ही कडा सरळ ठेवूनही शब्दांमधली पांढरी जागा एकसारखी राहावी, हा त्याचा हेतू. पुढे १४७० मध्ये व्हेनिसच्या निकोला जेन्सनने मोकळ्या रोमन वळणात पुस्तके छापली, आणि हळूहळू दक्षिण व पश्चिम युरोपने लांब मजकुरासाठी ते वळण पत्करले.

मोठे केले की सुधारते, ते का?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गॉथिक मथळा चांगला का दिसतो आणि बारीक गॉथिक मजकूर का त्रास देतो? याची दोन कारणे आहेत. एक शाईत आहे, दुसरे डोळ्यात.

आधी शाई पाहू. कागदावर दाब देऊन छापताना शाई अक्षराच्या कडेबाहेर थोडी पसरतेच. समजा ती प्रत्येक कडेला ०.०५ मिलिमीटर पसरली. दोन दंडांमधली फट ०.३ मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंनी मिळून ०.१ मिलिमीटर जाते आणि ०.२ उरते. एक तृतीयांश फट गेली. आता वळण आणखी जाड केले आणि फट मुळातच ०.१५ मिलिमीटर ठेवली, तर उरते फक्त ०.०५. दोन तृतीयांश फट बुजली. पण हेच जाड अक्षर दसपट मोठे करा. फट १.५ मिलिमीटर होईल आणि शाई मात्र पूर्वीइतकीच पसरेल. उरते १.४. तोटा नगण्य. अक्षर मोठे केले तरी शाईचे पसरणे त्या प्रमाणात वाढत नाही, ही यातली गोम आहे. एका झेरॉक्सवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी काढत गेलात तर जाड अक्षरांच्या पोकळ्या बुजताना तुम्हाला प्रत्यक्ष दिसतील.

आता डोळा. १८६२ मध्ये डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी दृष्टी तपासायचा जो तक्ता केला, त्यात निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येणारे अक्षर डोळ्याशी ५ कला (मिनिट) कोन करते आणि त्याची रेघ १ कला. ६ मीटरवर ५ कला म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर उंची. टेक्स्टुराच्या लहान अक्षराची उंचीही परंपरेने लेखणीच्या टोकाच्या साधारण पाचपट असते, म्हणजे प्रमाण जवळपास तेच. फरक असा की तक्त्यावर एकेक सुटे अक्षर असते, तर शब्दात दंडांची रांग असते. टेक्स्टुरात एका दंडापासून पुढच्या दंडापर्यंतचे अंतर उंचीच्या पाचांतले सुमारे दोन भाग असते. साध्या पुस्तकी रोमन ‘एन’मध्ये ते सुमारे तीन भाग भरते. पट्टीने मोजून पाहा. म्हणजे दंड तितकेच सुटे दिसायला हवे असतील, तर गॉथिक अक्षर साध्या अक्षराच्या निदान दीडपट मोठे हवे. आणि दंड सुटे दिसले तरी ते कोणाचे, हा कुंपणाचा प्रश्न राहतोच.

शिक्षकांनी यातून एक हिशेब लक्षात ठेवावा. वर्गातला शेवटचा बाक ८ मीटरवर असेल, तर ५ कला म्हणजे ११.६ मिलिमीटर. ही निव्वळ हद्द झाली. आरामात वाचता यावे म्हणून तिप्पट, म्हणजे ३५ मिलिमीटर उंचीचे साधे अक्षर तक्त्यावर काढावे. गॉथिकच हवे असेल तर ५० मिलिमीटरच्या वर जावे, आणि शब्द दोन-तीनच ठेवावेत. अशा मोठ्या, थोड्या शब्दांसाठी घडवलेल्या वळणाला आपण मथळ्याचे वळण म्हणू. जाड गॉथिक हे स्वभावतःच मथळ्याचे वळण आहे.

कॅपिटलांची सभा

केतकीच्या नावाचा घोळ मात्र नुसत्या आकारमानाचा नव्हता. नाव काही फार बारीक छापले नव्हते. दोष होता सगळी कॅपिटल अक्षरे वापरण्याचा.

गॉथिकातली कॅपिटल अक्षरे परिच्छेदाच्या किंवा शब्दाच्या आरंभी एकटी, दिमाखात उभी राहण्यासाठी घडली. त्यामुळे त्यांत दुहेरी रेघा, आकडे, पोटातले काटे यांची रेलचेल असते. फ्राक्टुर घराण्यात ‘बी’ आणि ‘व्ही’, ‘के’, ‘एन’ आणि ‘आर’ यांत वाचक सहज फसतो. एकच कॅपिटल आणि पुढे लहान अक्षरे असतील, तर शब्दाचा उरलेला भाग आपल्याला सावरून घेतो. सगळीच कॅपिटले एका रांगेत बसवली की सावरणारे कोणी उरत नाही. लग्नात एकच नवरदेव फेटा बांधून उभा असतो म्हणून ओळखू येतो. सगळ्या वऱ्हाडानेच बाशिंगे बांधली तर?

शिवाय विशेषनामाला संदर्भाचा आधार नसतो. ‘सर्टिफिकेट’मधली दोन अक्षरे अंधुक असली तरी आपण शब्द ओळखतो, कारण तो आधीच माहीत असतो. नाव आपल्याला माहीत नसते. म्हणून ज्या मजकुरात अंदाजाला वाव नाही, तो सर्वात स्पष्ट अक्षरात हवा. नावे, आकडे, औषधांची मापे, परीक्षेतले प्रश्न हे सगळे त्यात आले.

सदिश ठळक का छापतात?

आता एक वेगळी गोष्ट. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत सदिश राशी बऱ्याचदा ठळक अक्षरात छापतात. बल, वेग, विद्युतक्षेत्र यांची अक्षरे जाड असतात. हे का, असे कोणी विचारले तर आपण ‘पद्धत आहे’ म्हणून सोडून देतो. त्या पद्धतीच्या मुळाशी गॉथिक अक्षरांचा कंटाळा आहे.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सदिश राशींसाठी त्यांनी जर्मन गॉथिक कॅपिटल अक्षरे वापरली. साध्या अक्षरांहून ती वेगळी दिसतात, हा त्यातला फायदा. पण ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज विद्युतशास्त्रज्ञाला ती वाचायला आणि लिहायला त्रासाची वाटली. मॅक्सवेल यांचे सिद्धान्त आज आपण ज्या सुटसुटीत चार समीकरणांत शिकतो, त्या रूपात आणण्यात हेविसाइड यांचा मोठा वाटा. १८८० च्या दशकात त्यांनी सदिशांसाठी गॉथिकऐवजी ‘क्लॅरेंडन’ नावाचे जाड रोमन वळण वापरायला सुरुवात केली.

हे क्लॅरेंडन १८४५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट बेस्ली यांनी बाजारात आणले होते. साध्या मजकुरात मधेच एखादा शब्द उठून दिसावा, हा त्याचा उपयोग. वेगळेपणा हवा पण गोंधळ नको, ही हेविसाइड यांची गरज त्याने नेमकी भागवली. पुढे १९०१ मध्ये एडविन विल्सन यांनी गिब्ज यांच्या व्याख्यानांवर आधारलेले सदिशांचे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यातही ठळक अक्षरेच आली आणि ती रीत रुळली.

तरी गॉथिक अक्षरे गणितातून गेली नाहीत. सदसत् संख्येचा वास्तव भाग आणि कल्पित भाग दाखवायला गॉथिक ‘आर’ आणि ‘आय’ आजही दिसतात. वास्तव संख्यांच्या संचाची गणनसंख्या गॉथिक लहान ‘सी’ने दाखवतात. ली बीजगणितांची नावे तर बहुधा गॉथिक लहान अक्षरांतच असतात. विद्यापीठात शिकत असताना आमचे सर फळ्यावर गॉथिक ‘जी’ काढू लागले की वर्गात कुजबुज होई. शेवटी त्यांनी सरळ सांगितले, “खाली दोन वेळा मोडलेला साधा ‘जी’ काढा, मी समजून घेईन.” एकाकी चिन्ह म्हणून गॉथिक अक्षर उत्तम, कारण इतर कशाशी त्याची गल्लत होत नाही.

अक्षरांवर लादलेले राजकारण

जर्मनीत मात्र गॉथिक नुसते मथळ्याचे वळण राहिले नाही. ल्यूथरने केलेला नव्या कराराचा जर्मन अनुवाद १५२२ मध्ये छापला गेला, तो ‘श्वाबाखर’ नावाच्या गॉथिक वळणात. सोळाव्या शतकातच सम्राट माक्सिमिलिआन याच्या ग्रंथांतून फ्राक्टुर पुढे आले. पुढची चारशे वर्षे जर्मन कथा, कविता, वृत्तपत्रे बहुतांशी गॉथिकात, आणि विज्ञानाचे पुष्कळसे लेखन रोमन वळणात, असा दुहेरी संसार चालला. १९११ मध्ये रोमन वळणाला अधिकृत स्थान देण्याचा प्रस्ताव जर्मन संसदेत आला, तो फेटाळला गेला.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ‘फुटुरा’ (१९२७) हे साधे, भौमितिक वळण घडवणारे पाउल रेनर यांना त्या वर्षी अटक झाली आणि त्यांची नोकरी गेली. त्याच सुमारास जर्मन ओतशाळांनी ‘टॅनेनबर्ग’सारखी नवी जाड गॉथिक वळणे बाजारात आणली. जुन्या गॉथिकाची नजाकत काढून टाकलेली, उभ्या जाड दंडांची, फलकांवर आणि घोषणांत ठसठशीत दिसणारी ही अक्षरे. छापखान्यातल्या लोकांनी थट्टेने त्यांना लष्करी बुटांची अक्षरे म्हटले. अनेकांना आजही गॉथिक पाहून नाझी राजवट आठवते, ती यामुळेच.

पण पुढे काय झाले पाहा. ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी पक्षाच्या कार्यालयातून मार्टिन बोरमान यांच्या सहीचे परिपत्रक निघाले. गॉथिक ही जर्मन अक्षरे नसून ज्यूंची अक्षरे आहेत, सबब ती बंद करावीत, असे त्यात म्हटले होते. हा दावा निराधार होता. जिंकलेल्या देशांतल्या लोकांना गॉथिक वाचता येत नव्हते, हे त्यामागचे व्यवहारी कारण असावे असे अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे त्या परिपत्रकाच्या माथ्यावरचे छापील नाव गॉथिकातच होते.

त्यानंतर शाळेत गेलेली मुले आजोबांची पुस्तके आणि आजीची पत्रे वाचू शकेनाशी झाली. हे दुःख आपल्याला परके नाही. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे लिहिली-वाचली जात होती. तिच्या मागे पडण्याची कारणे वेगळी, पण परिणाम तोच. घरातल्या जुन्या पेटीत पणजोबांचा कागद सापडतो आणि तो वाचायला मोडीचा जाणकार शोधावा लागतो. अक्षराला स्वतःचे मत नसते, त्याच्यावर माणसे मते लादतात. आणि अक्षर गेले की त्यात लिहिलेलेही हाताबाहेर जाते.

आज ते कुठे वापरावे?

‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राचे नाव आजही गॉथिकात छापले जाते. त्या नावापुढचा पूर्णविराम १९६७ मध्ये काढला, अक्षरे राहिली. पदव्या, मानपत्रे, नाताळची भेटकार्डे, बिअरच्या बाटल्या, रॉक संगीताच्या तबकड्या यांवर ते दिसते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. शब्द थोडे, अक्षर मोठे, आणि वाचायचे ते बहुधा आधीच माहीत असलेले. जुनेपणा, अधिकार किंवा दरारा एका नजरेत सांगायचा असतो आणि ते काम गॉथिक चोख करते.

संगणकामुळे मात्र एक नवी चूक बोकाळली आहे. गणिताच्या सोयीसाठी २००१ मध्ये युनिकोडमध्ये गॉथिक अक्षरे स्वतंत्र चिन्हे म्हणून घेतली गेली. आता पुष्कळ जण आपले नाव किंवा संदेश सजवण्यासाठी तीच चिन्हे वापरतात. डोळ्यांना ते नाव दिसते, पण संगणकाच्या लेखी ती गणिती चिन्हांची माळ असते. शोध घेतला तर नाव सापडेलच असे नाही, आणि अंध व्यक्तीचे वाचन-साधन शब्द उच्चारण्याऐवजी एकेका चिन्हाचे लांबलचक नाव सांगत बसते किंवा गप्प राहते. सजावट हवी असेल तर अक्षरवळण बदलावे, अक्षर बदलू नये.

शाळेतल्या कामासाठी चार गोष्टी पुरेत. एक, गॉथिक फक्त मथळ्याला, तीनचार शब्दांपुरते. दोन, आरंभीचे एकच अक्षर कॅपिटल. तीन, अक्षरांमधली जागा ताणू नये. अक्षराच्या पोटातली फट आणि दोन अक्षरांमधली फट सारखी दिसली, तरच विणकाम टिकते. चार, नावे, तारखा आणि आकडे साध्या वळणात.

हाच विचार देवनागरीलाही लागू आहे. अक्षर फार जाड केले की ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांतला फरक सांगणाऱ्या गाठी आणि फटी आधी बुजतात. प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वी या सहा अक्षरांची एक ओळ त्याच वळणात, त्याच आकारात छापून शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचायला सांगा. तो अडखळला तर वळण बदला.

त्या शाळेने पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावले. प्रशस्तिपत्राचा मथळा तसाच गॉथिक होता. खाली मुलांची नावे साध्या, ठसठशीत देवनागरीत होती. मी सगळी नावे न अडखळता वाचली. केतकीचे नाव त्याही वर्षी होते. या खेपेला ती मान वर करून आली.